फुलपाखरू अंडी ‘घालतं’ की ‘देतं’?

प्रश्न असा आला आहे : बागेतल्या लिंबाच्या रोपावर एक काळं-पिवळं फुलपाखरू आलं होतं. त्याबद्दल ‘फुलपाखराने पानांवर अंडी दिली’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याने ‘दिली’ खोडून ‘घातली’ केलं. दोन्ही चालत नाही का?

माझ्या मते इथे ‘घातली’च हवं. पण ‘अंडी देणे हिंदीतून आलंय, म्हणून चूक’ एवढं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. हिंदीत ‘अंडे देना’ हाच रूढ प्रयोग आहे हे खरं. तरी मराठीत ‘देणे’ला त्याची स्वतःची जागा आहे. गाय दूध देते, झाड फळं देतं, तशी कोंबडी अंडी देते. ‘कोंबडी हल्ली अंडी देईनाशी झालीय’ म्हणणाऱ्याचं लक्ष टोपलीकडे असतं. घेणारा कुणीतरी आहे, म्हणून ते देणं. गोष्टीतली सोन्याचं अंडं ‘देणारी’ कोंबडीही मालकाच्या नजरेतूनच तशी आहे. तीच साधी कोंबडी आडोशाला जाऊन बसायला लागली की आपण आपसूक म्हणतो, ‘कुठे अंडी घालतेय कोण जाणे!’ कोंबडी तीच, क्रिया तीच, पण आता ती तिची तिची झाली.

कानाला लावून बघण्यासारखी एक कसोटी आहे. ‘देते’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो ‘किती?’ आणि ‘घालते’ म्हटलं की येतो ‘कुठे?’

याचं कारण ‘घालणे’च्या मुळात आहे. अपभ्रंशात, म्हणजे मराठीच्या आधीच्या त्या नावाच्या जुन्या भाषेत, ‘घल्लइ’ म्हणजे टाकतो. मराठीत हे क्रियापद फार पसरलं. वाद घालतात, शपथ घालतात, गस्त घालतात. पण अंथरूण घालणं, रोपाला पाणी घालणं, आळ्यात खत घालणं यांत जुना अर्थ अजून जिवंत आहे : एखादी गोष्ट तिच्या ठरल्या जागी नेऊन टाकणं किंवा ठेवणं. ‘अंडी घालणे’ मला याच घरातलं वाटतं.

आणि फुलपाखराच्या बाबतीत तर जागा हेच सगळं असतं. एकदा लिंबाच्या रोपाशी थांबून बघा. मादी आधी रोपाभोवती घिरट्या घालते (इथेही ‘घालणे’च!). पानावर टेकते, पुढच्या पायांनी ते चाचपते. फुलपाखरांना पायांनी चव कळते; हे आपल्या अळीला चालणारं झाड आहे की नाही, याची खात्री ती अशी करून घेते. नको असेल तर उडून जाते. हवं तसं कोवळं पान सापडलं की पंखांची फडफड पुरती न थांबवताच पोटाचं टोक वाकवून पानाला टेकवते, आणि क्षणात पुढच्या पानावर जाते. मागे उरतं ते जेमतेम मिलिमीटरभराचं, फिकट पिवळं, गोल अंडं, पानाला घट्ट चिकटलेलं. हे सगळं बघितल्यावर ‘दिलं’ हा शब्द माझ्या तरी तोंडी येत नाही. कुणाला दिलं? तिने ते नेमक्या जागी घातलं.

जाता जाता आणखी दोन शब्द, कारण अशा वर्णनांत तेही हमखास येतात. ‘अंडीपुंज’ हा नेटका शब्द शेतीच्या लिखाणात रुळलेला आहे, पण तो एका जागी झुबक्याने घातलेल्या अंड्यांसाठी. लिंबावरचं हे फुलपाखरू एकेक सुटं अंडं घालतं, तिथे ‘अंडीपुंज’ नको. दुसरा शब्द ‘उबवणे’. ‘अंडी उबवून अळ्या बाहेर आल्या’ असं वाचलं की मला अडखळायला होतं. ‘उबवणे’त ऊब देणारी आई लागते, पक्ष्यासारखी बसून राहणारी. ही मादी अंडं घालून निघून गेलेली असते, पुन्हा फिरकतही नाही. तेव्हा ‘अंडी फुटून’ म्हणावं, किंवा सरळ ‘अंड्यातून अळी बाहेर आली’. ‘अंडी उबून’ हेही काही जण लिहितात. त्यात निदान ऊब देणारी आई नाही, त्यामुळे ते मला कमी खटकतं.

‘सुरवंट’ मात्र इथे टाळा. सुरवंट म्हटला की डोळ्यांसमोर केसाळ, अंगाला लागला तर खाज आणणारा प्राणी येतो. लिंबावरची ही गुळगुळीत आहे, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार. ती अळीच.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘फुलपाखराने लिंबाच्या कोवळ्या पानांवर एकेक करून अंडी घातली, तीन-चार दिवसांनी अंड्यांतून अळ्या बाहेर आल्या आणि त्यांनी आधी आपापलं टरफलच खाल्लं.’ शेवटचा तुकडा तुम्ही लिहिला नव्हता. पण ती पानं अजून रोपावर असतील तर रोज सकाळी नजर ठेवा, बघायला मिळेल.