वाचकांचे प्रश्न : एका लॅपटॉपचे चित्र अनेक पडद्यांवर

प्रश्न : आमच्या शाळेच्या सभागृहात मंचावर प्रोजेक्टर आहे आणि मागच्या मुलांना दिसावे म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकेक टीव्ही बसवला आहे. लॅपटॉपला एचडीएमआयचा एकच पोर्ट असल्याने आम्ही चार आउटपुटचा स्प्लिटर आणला. नुसते टीव्ही जोडले तर चित्र स्वच्छ येते. प्रोजेक्टर जोडला की दोन्ही टीव्हींवरची अक्षरे पुसट होतात आणि भूमितीच्या तासाला दाखवलेले वर्तुळ आडव्या अंड्यासारखे दिसते. शिवाय लांबच्या टीव्हीपर्यंत सुमारे २५ मीटर केबल गेली आहे, तेथे चित्र मधूनच जाते. स्प्लिटर बदलावा का? (एक गणित शिक्षक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : आपण सांगितलेले दोष दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यांपैकी पहिल्यासाठी स्प्लिटर बदलण्याची बहुधा गरज पडणार नाही.

लॅपटॉपला पडदा जोडला की चित्र निघण्यापूर्वी दोघांत थोडी विचारपूस होते. प्रत्येक टीव्हीत, मॉनिटरमध्ये आणि प्रोजेक्टरमध्ये स्वतःची ओळख सांगणारी माहिती साठवलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटांचा असतो आणि एचडीएमआय उपकरणांत त्याला बहुधा तेवढ्याच आकाराची एक पुरवणी जोडलेली असते. मी कोणती रिझोल्यूशन्स दाखवू शकतो, सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, आवाज घेतो की नाही, हे सारे त्यात असते. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी दोन पिनांवरून लॅपटॉप ही माहिती वाचतो आणि त्याप्रमाणे चित्राचा आकार ठरवतो. मध्ये स्प्लिटर आला की अडचण सुरू होते, कारण लॅपटॉपला समोर एकच पडदा दिसतो आणि तीन पडद्यांच्या वतीने स्प्लिटरलाच एक उत्तर द्यावे लागते. काही स्प्लिटर पहिल्या आउटपुटवर जो पडदा असेल त्याचेच उत्तर पुढे पाठवतात, तर काही सर्वांना झेपेल असा सगळ्यांत लहान आकार निवडतात.

आपल्या वर्णनावरून प्रोजेक्टर १०२४ × ७६८ या जुन्या ४:३ प्रमाणाचा असावा असे वाटते. टीव्हीचा १९२० × १०८० आकार म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू, आणि १०२४ × ७६८ म्हणजे जेमतेम ७.९ लाख. इतक्या थोड्या बिंदूंचे चित्र टीव्ही आपल्या पूर्ण काचेवर ताणतो, म्हणून अक्षरे पुसट होतात. शिवाय ४:३चे चित्र १६:९च्या पडद्यावर भरताना आडवे जास्त ताणले जाते आणि वर्तुळाचे अंडे होते. वर्तुळ तेवढे टीव्हीच्या चित्राच्या आकाराचे सेटिंग बदलून गोल करता येईल, परंतु अक्षरांचा पुसटपणा त्याने जाणार नाही.

आता उपाय. पहिला प्रयोग फुकटचा आहे : एका टीव्हीची केबल स्प्लिटरच्या पहिल्या आउटपुटला लावावी, प्रोजेक्टर शेवटच्या आउटपुटवर न्यावा, मग आधी सर्व पडदे, नंतर स्प्लिटर आणि सर्वांत शेवटी लॅपटॉप या क्रमाने सुरू करावे. स्प्लिटर पहिल्या आउटपुटचे ऐकणाऱ्यांपैकी असेल तर काम येथेच होते. होत नसेल तर स्प्लिटरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या सरकत्या बटणांची एक रांग आहे का ते पाहावे. तिच्यावरून ईडीआयडी १०८०वर कायम करता येतो आणि कोणते बटण कोणीकडे सरकवायचे याचा तक्ता सोबतच्या पत्रकात असतो. (हे पत्रक बहुतेक ठिकाणी खोक्याबरोबरच फेकले जाते.) यापूर्वी प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत तो १९२० × १०८०चा सिग्नल स्वीकारतो का, तेवढे तपासून घ्यावे. १०२४ × ७६८चे अनेक प्रोजेक्टर असा सिग्नल घेऊन तो आत लहान करतात आणि १०२४ × ५७६ इतक्या भागात दाखवतात, वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. सभागृहात या पट्ट्यांचा कोणाला त्रास होत नाही. प्रोजेक्टर तो सिग्नल घेतच नसेल, तरच प्रत्येक आउटपुटसाठी चित्राचा आकार स्वतंत्रपणे बदलणारा, म्हणजे स्केलर असलेला स्प्लिटर घ्यावा लागेल. तो बराच महाग असतो, म्हणून त्याचा विचार शेवटी करावा.

दुसरा दोष केबलच्या लांबीचा आहे. १९२० × १०८०चे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे म्हणजे प्रत्येक बिंदूला २४ बिट धरून सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट होतात, आणि एचडीएमआयच्या मांडणीत प्रत्यक्ष तारांवरून सुमारे ४४६ कोटी बिट धावतात. साध्या तांब्याच्या केबलमध्ये इतक्या वेगाचा सिग्नल १० ते १५ मीटरनंतर क्षीण होऊ लागतो आणि मग चित्रात ठिणग्यांसारखे ठिपके येतात किंवा ते क्षणभर पूर्ण जाते. २५ मीटरसाठी एचडीएमआय एक्स्टेंडरची जोडी वापरावी : एक डबी स्प्लिटरजवळ, दुसरी टीव्हीमागे आणि मध्ये कॅट-६, म्हणजे संगणकांच्या नेटवर्कसाठी वापरतात ती केबल. एचडीबेसटी पद्धतीची जोडी १०० मीटरपर्यंत चालते. आपल्या अंतराला साधी जोडीही पुरते. कॅट-६ केबल मात्र अस्सल तांब्याची मागून घ्यावी. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, दुकानदार तिला सीसीए म्हणतात, आणि दोष शोधताना याच केबलकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते. साध्या एक्स्टेंडरची ही केबल शाळेच्या नेटवर्कच्या स्विचमध्ये खोचू नये. ती एका डबीपासून थेट दुसऱ्या डबीपर्यंतच जायला हवी. ऑप्टिकल एचडीएमआय केबल हाही चांगला पर्याय आहे, परंतु तिला दिशा असते आणि उलटी बसवली तर चित्र येत नाही. भिंतीत टाकण्याआधी ती जमिनीवर पसरून, दोन्ही टोके जोडून पाहावी. छिन्नी-हातोड्याचे काम झाल्यावर ही चूक लक्षात आलेली मी पाहिली आहे.

आवाजाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. दोन्ही टीव्हींचा आवाज बंद ठेवावा आणि सभागृहाच्या ॲम्प्लिफायरला लॅपटॉपच्या हेडफोन पोर्टमधून आवाज द्यावा. प्रत्येक टीव्ही चित्रावर स्वतःची प्रक्रिया करताना थोडा वेगवेगळा उशीर लावतो आणि तीन ठिकाणांहून आवाज आला की मोठ्या खोलीत वक्त्याचा शब्द घुमतो.

प्रश्न : मी कर सल्लागार आहे. एका मॉनिटरवर टॅली, दुसऱ्यावर एक्सेल आणि लॅपटॉपवर विवरणपत्राचे संकेतस्थळ, अशी मांडणी मला हवी होती. दुकानातून दोन आउटपुटचा एचडीएमआय स्प्लिटर आणला, पण दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येते. सेटिंगमध्ये काय बदलावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सेटिंगमध्ये काहीही बदलले तरी हे होणार नाही. स्प्लिटर एका चित्राच्या प्रती काढतो. लॅपटॉपला आपले दोन मॉनिटर मिळून एकच पडदा दिसतो, तेव्हा त्यांच्यावर वेगवेगळी चित्रे पाठवण्याचा प्रश्नच येत नाही. विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबून एक्स्टेंड निवडले तर लॅपटॉपवर एक चित्र आणि दोन्ही मॉनिटरवर दुसरे, एवढेच साधते. (वरील शिक्षकांना मात्र हीच मांडणी उपयोगी आहे : टिपणे लॅपटॉपवर राहतात आणि मुलांना फक्त स्लाइड दिसतात.)

आपल्याला लॅपटॉपमधून दोन स्वतंत्र चित्रे बाहेर काढायची आहेत. प्रथम लॅपटॉपला यूएसबी-सी पोर्ट आहे का आणि त्यातून चित्र निघते का, ते पाहावे. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र निघत नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टचे चिन्ह असेल तर निघते, आणि चिन्ह नसेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात शोधावे. निघत असेल तर एक मॉनिटर एचडीएमआयवर आणि दुसरा यूएसबी-सीच्या अडॅप्टरवर लावला की काम झाले; वेगळी कसलीही डबी लागत नाही. एचडीएमआय पोर्ट नसेल किंवा तो मोकळा ठेवायचा असेल तर एमएसटी हब घ्यावा. डिस्प्लेपोर्टच्या २०१० साली आलेल्या १.२ आवृत्तीपासून एकाच तारेतून अनेक स्वतंत्र चित्रे पाठवण्याची सोय आहे आणि हा हब ती चित्रे वेगळी करून एकेका मॉनिटरला देतो. दुकानात स्प्लिटर, स्विच आणि हब एकाच काउंटरवर, एकसारख्या दिसणाऱ्या डब्यांत मिळतात. त्यामुळे नाव सांगून न थांबता दोन मॉनिटरवर दोन वेगळी चित्रे हवीत असे स्पष्ट सांगावे आणि शक्य असल्यास स्वतःचा लॅपटॉप नेऊन तेथेच पाहावे.

लॅपटॉप मॅक असेल तर एमएसटी हब घेऊ नये, कारण मॅकओएस त्यातून स्वतंत्र चित्रे देत नाही. दोन्ही मॉनिटरवर पुन्हा एकच चित्र येईल. एम१ आणि एम२ चिपचा मॅकबुक एअर तर मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालवतो. तेथे, तसेच ज्या जुन्या विंडोज लॅपटॉपला केवळ साधे यूएसबी पोर्ट आहेत तेथेही, डिस्प्लेलिंक चिपचा अडॅप्टर उपयोगी पडतो. तो चित्र दाबून लहान करतो आणि साध्या डेटासारखे यूएसबीवरून पाठवतो, त्यासाठी लॅपटॉपवर त्याचे सॉफ्टवेअर बसवावे लागते आणि प्रोसेसरवर थोडा भार पडतो. टॅली आणि एक्सेलला हे पुरेसे आहे. खेळ आणि वेगवान चित्रफितींसाठी मी तो सुचवणार नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयातील जुन्या संगणकाला व्हीजीए पोर्ट आहे. वाय आकाराच्या केबलने दोन मॉनिटर जोडले, तर दोन्हींवर चित्र येते पण अंधूक, आणि अक्षरांना सावली दिसते. मॉनिटर जुने झाले आहेत का? (एक ग्रंथपाल, रत्नागिरी)

उत्तर : मॉनिटर तपासायचे असतील तर एकेक थेट जोडून पाहावेत, बहुधा दोन्ही ठीक निघतील. आयबीएमने १९८७मध्ये आणलेल्या व्हीजीएमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची तीव्रता व्होल्टेजच्या रूपाने जाते आणि पूर्ण उजळ बिंदूसाठी ०.७ व्होल्ट लागतात. एका टोकाला ७५ ओहमचा एकच मॉनिटर असेल असे गृहीत धरून ही रचना केलेली आहे. दोन मॉनिटर समांतर जोडले की भार ३७.५ ओहम होतो आणि व्होल्टेज सुमारे ०.४७वर येते, म्हणून चित्र अंधूक होते. सिग्नलचा काही भाग त्या सांध्यावरून आणि टोकांवरून परावर्तित होऊन किंचित उशिरा पोहोचतो, तीच अक्षरांची सावली. वीज लागणारा व्हीजीए स्प्लिटर प्रत्येक आउटपुटसाठी सिग्नल नव्याने वाढवून देतो. तो स्वस्त आहे आणि आपले काम त्याने होईल.

एचडीएमआयची तशीच वाय केबल कोणी दाखवली तर मात्र घेऊ नये. तेथे दोन्ही पडदे आपापला ईडीआयडी एकाच पत्त्यावरून एकाच वेळी सांगू लागतात आणि लॅपटॉपला दोघांपैकी कोणाचेच धड वाचता येत नाही.

प्रश्न : सोसायटीच्या सभागृहात स्प्लिटरमधून टीव्ही आणि जुना प्रोजेक्टर चालतो. आमची छायाचित्रे दोन्हींकडे दिसतात, पण ओटीटीवरचा चित्रपट लावला की पडदे काळे होतात. असे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सशुल्क चित्रपटांचा सिग्नल एचडीसीपी या पद्धतीने कुलूपबंद होऊन निघतो आणि साखळीतल्या प्रत्येक उपकरणाला आपल्याकडे अधिकृत किल्ली असल्याचे सिद्ध करावे लागते. आपला प्रोजेक्टर किंवा स्प्लिटर ते करू शकत नसावा. छायाचित्रांना असे कुलूप नसते, म्हणून ती दिसतात. खात्री करण्यासाठी प्रोजेक्टरची केबल काढून केवळ टीव्ही ठेवून पाहावे. चित्रपट लागला तर दोष प्रोजेक्टरकडे आहे, आणि तरीही काळेच राहिले तर स्प्लिटर काढून टीव्ही थेट जोडावा. नवीन उपकरण घ्यायचे तर ४केसाठी एचडीसीपी २.२ लिहिलेले घ्यावे. खरेदीपूर्वी वर्गणीच्या अटीही वाचाव्यात, कारण बहुतेक ओटीटी सेवा घरगुती पाहण्यासाठीच परवानगी देतात आणि सोसायटीचे सभागृह त्यात बसत नाही.