वाचकांचे प्रश्न : पत्रिका जुळली, रक्ताचं काय?

या महिन्यात जीन, डीएनए, जीनोम (म्हणजे डीएनएत लिहिलेला शरीराचा अख्खा मजकूर) यावरची पत्रं एवढी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. नावं छापत नाही, कारण बऱ्याच पत्रांत घरातल्या गोष्टी आहेत.

प्रश्न : मुलाचं लग्न माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीशी ठरलंय, साखरपुडा झालाय, दिवाळीनंतर लग्न. माझ्या लेकीचं बाळ थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. जावयाकडचे म्हणतात तुमच्याच घरात दोष आहे. भाऊ म्हणतो ३२ गुण जुळलेत, आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या मामाच्याच मुली केल्या, कुठं काय झालं? जीनोमची मोठी टेस्ट करू का, खर्च फार आहे म्हणे. — एक आई, साखर पेठ

उत्तर : ताई, आधी त्या दोषाचं बोलू. थॅलेसेमिया म्हणजे जीनमधल्या चुकीमुळे हिमोग्लोबिन नीट न बनणं. मेजर बाळ व्हायला आई आणि बाप दोघांकडून बिघडलेला जीन यावा लागतो, एकाकडूनच आला तर नुसतं मायनर, म्हणजे जीन अंगात आहे पण आजार नाही. म्हणजे तुमची लेक मायनर आहे तसे जावईही मायनर आहेतच, कोणा एका घराला बोल लावायला यात जागाच नाही. हवं तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

आता मुलाचं. लेकीला तो जीन तुमच्याकडून आला की तुमच्या मिस्टरांकडून हे कळायला पाहिजे, म्हणून पहिली टेस्ट तुम्ही स्वतःची करा. तुम्ही मायनर निघालात तर भावाकडे तो असायची शक्यता निम्मी, भावाच्या मुलीकडे असायची पाव, आणि तुमच्या मुलाकडे असायची निम्मी. मिस्टर मायनर निघाले आणि तुम्ही नाही, तर भावाच्या मुलीला बाहेरच्या कुठल्याही मुलीइतकीच शक्यता. पण हे सगळं शक्यतेचं झालं, मुलगा आणि होणारी सून दोघांचं रक्त तपासलं की हो की नाही ते कळतंच.

त्यासाठी मोठी टेस्ट नको. साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि एचबी-ए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचं प्रमाण, जी टेस्ट एचपीएलसी मशिनवर करतात, एवढं पुरे. ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की मायनर धरतात. अंगात लोह फार कमी असेल तर हा आकडा खाली येऊन फसवतो, म्हणून काठावर आला तर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघायचं, लोह भरून काढायचं आणि परत टेस्ट करायची, तरी अडलं तर मग त्या एका जीनची डीएनए टेस्ट.

मी इतकी वर्षं लॅबमध्ये काढली, मायनरचं रक्त स्लाइडवर बघितलं की ते विसरत नाही. तांबड्या पेशी बारक्या, फिकट, काहींच्या मधोमध गडद ठिपका, नेमबाजीच्या निशाण्यासारखा. हिमोग्लोबिन कमी पण पेशींचा काउंट मात्र भरपूर, असा रिपोर्ट दिसला की आम्ही लॅबवाले थांबतोच. एकदा एक बाई आल्या, पिशवीत सहा वर्षांच्या लोहाच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, हिमोग्लोबिन दहाच्या वर जात नव्हतं आणि घरचे म्हणायचे ही नीट जेवत नाही. ए-टू आलं ५.२. त्या मायनर होत्या, आजारी नव्हत्याच, सहा वर्षं बोलणी खाल्ली कारण ही एक टेस्ट कोणी लिहूनच दिली नव्हती. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

भावाचं म्हणणंही बघू. मामाची मुलगी म्हणजे आजी-आजोबा एकच, जीनचा साधारण आठवा हिस्सा सारखा, मामा-भाचीत तर पाव. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही घरांत नात्यात लग्नं होतात, मी त्याला नावं ठेवत नाही. घराण्यात बिघडलेला जीन नसला तर नात्यानं तो तयार होत नाही, पण असला तर दोन्हीकडून एकत्र यायची शक्यता वाढते, आणि तुमच्या घरात तो आलेला आहे हे नातवंडानं दाखवलंय. पत्रिकेत तो दिसत नाही.

दोघंही मायनर निघाले तर लग्न मोडाच असं मी म्हणणार नाही, तो निर्णय त्या दोघांचा, पण त्यांना सगळं माहीत असून घेतलेला असावा. दर गरोदरपणात मेजर बाळाची शक्यता पाव, आणि दर वेळी नव्यानं पाव, एक मेजर झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा काढून पोटातल्या बाळाचा जीन तपासता येतो, मात्र आई-बापाच्या जीनमध्ये नेमकी कुठली चूक आहे ते आधी माहीत लागतं. ज्याच्या बिघाडानं हा आजार होतो त्या बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये दोनशेच्या वर वेगवेगळ्या चुका सापडल्यात, आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या चुका कुठल्या हे संशोधनातून आधीच कळलंय म्हणून शोधायला सोपं जातं.

नातवंडासाठी बातमी आहे पण अजून लांब आहे. २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये क्रिस्पर, म्हणजे जीन कापून बदलायच्या, तंत्रावरचं पहिलं औषध, कॅसजेव्ही, मंजूर झालं. पेशंटच्याच रक्ताच्या मूळ पेशी काढतात, बीसीएल-११-ए नावाच्या जीनला चालू ठेवणारा तुकडा कापतात, मग बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन बनत असतं तेच परत बनायला लागतं. मंजूर झालं तेव्हा ते १२ वर्षांपुढच्यांसाठी होतं आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर होती, त्यामुळे आज त्याच्यावर आशा लावून बसू नका. आज बाळाला सख्खं भावंड असेल तर एचएलए, म्हणजे ट्रान्सप्लांटसाठी जुळाव्या लागणाऱ्या पेशींवरच्या खुणा, जुळतंय का बघा, बोन मॅरो ट्रान्सप्लांट लहान वयात केलेला चांगला.

प्रश्न : सर, माणसाचा जीनोम २००३ला पूर्ण वाचला असं पुस्तकात आहे, मग २०२२ला परत पूर्ण वाचला अशी बातमी कशी? — बीएस्सी दुसरं वर्ष, जुळे सोलापूर

उत्तर : फार चांगला प्रश्न. आपली सोलापुरी चादर डोळ्यासमोर आण, तशाच आठ-दहा चादरींचे कात्रीनं बोटभर तुकडे करून ढीग केला आणि सांगितलं की आता एक चादर जुळवून दाखव. काठाचे तुकडे, नाव विणलेला कोपरा पटापट बसतील. पण मधली नक्षी तीच तीच परत येते, तो तुकडा कुठल्या ओळीतला, नक्षी चाळीस वेळा आली की पंचेचाळीस, कसं सांगणार? जीनोमचं तेच झालं. १९९०ला काम सुरू झालं तेव्हाची मशिनं एका वेळी पाचशे ते हजार अक्षरं वाचायची आणि पूर्ण जीनोम ३०० कोटी अक्षरांचा. २००३पर्यंत जमेल तेवढं जोडलं, पण साधारण ८ टक्के भाग राहिला, बराचसा तोच तोच मजकूर परत येणारा, त्यात गुणसूत्राची कंबर, म्हणजे पेशी दुभागताना जिथून धरून ओढतात ती जागाही आली. नंतर सलग हजारो, कधी लाखभर अक्षरं वाचणारी मशिनं आली, म्हणजे बोटभराच्या जागी हातभर तुकडा मिळायला लागला, आणि २०२२ला टोकापासून टोकापर्यंत जोडणी झाली. वाय गुणसूत्र तर २०२३ला पूर्ण झालं. तुझ्या पुस्तकात वाक्य चुकीचं नाही, अर्धवट आहे. आणि हे पण लिहून ठेव की प्रथिनं बनवणारे जीन साधारण २० हजारच आहेत, अख्ख्या मजकुराच्या दोन टक्क्यांच्या आत, बाकीचा भाग काय करतो यावर काम करायला तुझ्या पिढीला भरपूर जागा आहे.

प्रश्न : आईला ४४व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, आता ती बरी आहे. मी ३६. माझ्या टेस्टमध्ये बीआरसीए-२ पुढे 'व्हीयूएस' लिहून आलंय. नात्यातल्या एकांनी सांगितलं की दोन्ही बाजू काढूनच टाक. झोप लागत नाही. — होटगी रोड

उत्तर : ताई, घाई करू नका, अजिबात. बीआरसीए-२ हा जीन बिघडला तर ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो, हे खरं. व्हीयूएस म्हणजे जीनमध्ये एक बदल दिसला पण तो त्रासाचा की निरुपद्रवी याचा अर्थ अजून लागलेला नाही. तो पॉझिटिव्ह रिपोर्ट नाही, नुसत्या त्याच्यावर कोणी ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा नसतो, असे बहुतेक बदल पुढं निरुपद्रवीच ठरतात. खरं तर पहिली टेस्ट आईची व्हायला पाहिजे होती, आजार तिला झाला होता, अजूनही करता येईल. तिच्यात जीनची पक्की चूक सापडली तर तुमच्यात फक्त तीच बघायची, एकदम स्वच्छ उत्तर मिळतं.

आपल्याकडे व्हीयूएस जास्त येतात याचं मोठं कारण म्हणजे जगातला डेटा बराचसा युरोपीय वंशाच्या लोकांचा. एखादा बदल आपल्याकडच्या निरोगी माणसांतही सर्रास आढळत असेल तर तो धोक्याचा नाही हे कळतं, पण त्यासाठी आपली माणसं मोजलेली पाहिजेत ना! जीनोम इंडिया प्रकल्पात देशातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या १० हजार लोकांचे जीनोम वाचले, २०२५च्या जानेवारीत तो डेटा संशोधकांना खुला झाला, फरिदाबादला ठेवलाय. मला हे काम फार मोलाचं वाटतं, तुमच्यासारख्यांची झोप त्याच्यावर अवलंबून आहे. दर एक-दोन वर्षांनी लॅबला विचारत राहा, व्हीयूएसचा अर्थ बदलला का म्हणून. तपासणी मात्र टाळू नका, आईला ४४व्या वर्षी झालं म्हणून तुमची आत्तापासूनच लागते, मॅमोग्राफी की एमआरआय ते कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि हा जीन वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्या, आजी यांचीही माहिती काढून न्या.

प्रश्न : थुंकीवरून मुलाचं टॅलेंट सांगणारं किट ऑनलाइन मिळतं, मुलगा तिसरीत आहे, घेऊ का? — विजापूर रोड

उत्तर : नका घेऊ. गणित, गाणं, खेळ यामागं शेकडो-हजारो जागी थोडा थोडा फरक असतो, त्यावरून एका पोराचं भविष्य आज कोणालाच सांगता येत नाही. त्या पैशात त्याला पोहायला घाला.

प्रश्न : ज्वारीचापण जीनोम वाचलाय म्हणतात. आमच्या मालदांडीला त्याचा काय उपयोग? — शेतकरी, मंगळवेढा

उत्तर : काका, २००९लाच वाचलाय, साधारण ७३ कोटी अक्षरं, माणसाच्या पाव. तुमची रब्बीची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर जगते, दाणा भरताना ओल संपते आणि पानं वाळतात. काही ज्वाऱ्या अशा आहेत की त्या वेळेलासुद्धा पान हिरवं धरून ठेवतात, तो गुण जीनोमवर कुठल्या जागी आहे ते शोधलंय, त्यामुळे बारक्या रोपाचंच पान तपासून कुठलं ठेवायचं ते ठरवता येतं, ताट सुकतंय का बघायला अख्खा हंगाम थांबावं लागत नाही. मालदांडी ३५-१ मोहोळला निवडली तेव्हा हे काही नव्हतं, नजरेनंच निवडली आणि काय निवडली! पण मोत्यासारखा दाणा आणि भाकरीची चव हे काही एका जीनचं काम नाही, म्हणून कोणी नवीन वाण आणून दिलं तर आधी दोन-चार गुंठ्यांत पेरा, घरी भाकरी थापून बघा, कडबा जनावरं आवडीनं खातात का तेही बघा, मग बाकीचं रान द्या.