पेरी मेसनचा फॅशनच्या दुनियेतला टीव्ही-चित्रपट बघण्यासारखा आहे का? आणि खरा खुनी असा भर कोर्टात कबूल होतो का?

बघा की. फक्त फॅशनसाठी बघायला बसू नका.

तुम्ही म्हणताय तो ‘द केस ऑफ द फेटल फॅशन’. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 24 सप्टेंबर 1991 ला दाखवला गेला. पेरी मेसन हा कादंबऱ्यांतला आरोपींचा वकील, आणि नट रेमंड बरने 1985 पासून त्याचे जे 26 टीव्ही-चित्रपट केले, त्यातला हा विसावा. फॅशन मासिकांच्या जगातली डायन ड्रेपर नावाची बाई मारली जाते आणि आळ येतो लॉरेन जेफ्रीजवर. लॉरेनचं वकीलपत्र अर्थातच पेरीकडे. खुनी कोण ते सांगत नाही, तुमची संध्याकाळ कशाला खराब करू?

फॅशनची पार्श्वभूमी इथे एकाच कामासाठी आहे. मरणाऱ्या व्यक्तीचा जितक्या जास्त लोकांना राग, तितके संशयित जास्त, हे या मालिकेचं जुनं गणित. एका संपादिकेच्या पसंती-नापसंतीवर डिझायनर, मॉडेल, छायाचित्रकार, प्रतिस्पर्धी अशा सगळ्यांचं पोट अवलंबून असेल, तर लेखकाला खुनाची कारणं शोधत फिरावं लागत नाही. नटनट्यांची निवड मात्र मला फार आवडली. डायन केली आहे व्हॅलरी हार्परने. अमेरिकन प्रेक्षकांना ती ‘मेरी टायलर मूर शो’मधली ऱ्होडा म्हणून पाठ होती, आणि ती ऱ्होडा दुकानाच्या काचेच्या खिडक्या सजवायची. म्हणजे कपड्यांच्या धंद्यातली अगदी खालची पायरी. तीच बाई इथे थेट शिखरावर, आणि सगळ्यांना नकोशी. लॉरेन झालेल्या डायना मल्डॉरची गंमत याहून मोठी. ‘एल.ए. लॉ’ या वकिलांवरच्या मालिकेत तिने रोझलिंड शेज नावाची कमालीची डोक्यात जाणारी वकीलीणबाई केली होती. मार्च 1991 मध्ये ही रोझलिंड लिफ्टचं दार उघडलं म्हणून पाऊल टाकते, आत लिफ्टच नसते, आणि खेळ खल्लास. सहाच महिन्यांत त्याच वाहिनीवर तीच नटी आरोपी म्हणून कोर्टात! त्या वेळच्या प्रेक्षकांच्या घरात हसू फुटलं असणार, असं मला आपलं वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मी सत्र न्यायालयात फौजदारी कामं करते, त्यामुळे याचं उत्तर जरा लांबणार.

असा कबुलीजबाब प्रत्यक्षात जवळपास कधीच होत नाही, आणि साक्षीदार कसलेले असतात हे त्याचं कारण नव्हे. आरोपीच्या वकिलाला खुनी शोधून द्यायचाच नसतो. सरकार पक्षाचा पुरावा रास्त संशयापलीकडे जात नाही, एवढं दाखवलं की त्याचं काम झालं. म्हणून ज्युनिअर असताना पहिला धडा मिळतो तो हा, की उत्तर ठाऊक नसेल तर उलटतपासणीत प्रश्न विचारायचा नाही, आणि हवं ते उत्तर मिळालं की मुकाट खाली बसायचं. पेरी नेमका तिथे बसत नाही. ‘त्या रात्री तुम्ही तिथे होतात’ इथवर साक्षीदाराला आणून सोडलं तरी माझा अशील सुटण्यासारखी स्थिती होते. पेरी पुढचे चार प्रश्न विचारतो, कारण घरी बसलेल्या प्रेक्षकाला नुसता संशयाचा फायदा चालत नाही, त्याला खुनी लागतो. हे चार प्रश्न वकिलीचे नाहीत, पटकथेचे आहेत.

त्यातून आमच्याकडे हे नाटक रंगणंही कठीण. इथे साक्षीदार उत्तर देतो, मग न्यायाधीश ते स्टेनोला सांगून टाइप करून घेतात, मग पुढचा प्रश्न. तेवढ्यात सरकारी वकील हरकत घेतात, पंखा घरघरत असतो, आणि साक्षीदार पाणी मागतो. ज्याला कोसळायचं असेल तो या वेळात पुन्हा सावरून बसतो.

समजा, तरीही कोणी कोसळलाच. मग कायद्याची खरी मजा सुरू होते. अमेरिकेत ‘उत्तर दिलं तर मी गुन्ह्यात अडकेन’ असं म्हणून साक्षीदाराला घटनेच्या पाचव्या दुरुस्तीच्या आधारे तोंड मिटून बसता येतं. पेरीच्या गोष्टीतले खुनी हे विसरतात तरी, किंवा त्यांचा वकील त्या दिवशी रजेवर असतो. आपल्याकडे साक्षीदाराला त्या कारणावरून उत्तर टाळता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 132 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 137 झालं आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय, की असं भाग पाडून घेतलेलं उत्तर त्याच्याविरुद्धच्या फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरता येणार नाही. उत्तर खोटं निघालं तर खोट्या साक्षीचा खटला तेवढा चालतो. ‘भाग पाडलं’ कशाला म्हणायचं यावर वकील तास न् तास भांडू शकतात, ते सोडून देऊ. तात्पर्य, पेरी मेसन आपल्या कोर्टात उभा राहिला असता, तर त्याचा आरोपी कदाचित सुटला असता, आणि खऱ्या खुन्यावर त्या रडारडीचा एक शब्दही लावता आला नसता. पोलिसांना पहिल्यापासून पुरावा गोळा करावा लागला असता.

ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणारी सामान्य नागरिकांची मंडळी, तर आपण केव्हाच मोडीत काढली. मुंबईच्या नानावटी खटल्यात 1959 साली ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. गंमत म्हणजे पेरीच्या मूळ कृष्णधवल मालिकेतही (सीबीएस, 1957 ते 1966, एकूण 271 भाग) बरेचदा ज्युरी नसतेच. तिथे प्राथमिक सुनावणी चालू असते, म्हणजे खटला उभा राहण्याइतका पुरावा आहे का एवढंच न्यायाधीश बघत असतात. बारा माणसं गप्प बसवून ठेवण्याचा खर्चही वाचत असणार.

मग मी हे सगळं का बघते? रेमंड बरसाठी. 1991 पर्यंत तो थोराड, दाढीवाला झाला होता, आणि फार हालचाल करत नसे. तरीही साक्षीदाराला प्रश्न विचारताना तो आवाज चढवत नाही, ही गोष्ट आमच्या कोर्टाच्या बाररूममधल्या कित्येक वकिलांनी शिकावी अशी आहे. आधी बिनमहत्त्वाची चार विधानं कबूल करून घ्यायची, पळवाटा एकेक करून बंद करायच्या, कागद शेवटी काढायचा. ही पद्धत शंभर टक्के खरी आहे. पेरीला जन्म देणारा अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेला माणूस होता, ते इथे दिसतं. या चित्रपटात कबुलीचा क्षण येईल तेव्हा तो खुशाल नाटक म्हणून बघा, पण त्याच्या आधीची दहा मिनिटं लक्ष देऊन ऐका.

आणि हा आवडला तर लगेच 1993 चा ‘द केस ऑफ द स्किन-डीप स्कँडल’ लावू नका. तो सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातला आहे, साचा तोच, एकापाठोपाठ एक बघितले तर दोन्हींची सरमिसळ होते. मधे जुन्या मालिकेतला 1963 चा ‘द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट’ बघा. त्यात सुरुवातीलाच पेरीच्या अशिलाला दोषी ठरवतात.