कारला घरी स्प्रे मारताना क्लिअरमध्ये धूळ बसू नये म्हणून काय करावं?

तुम्ही विचारलंय की घरच्या पार्किंगमध्ये बॉनेट आणि फेंडर रंगवायचं आहे, मागच्या वेळी क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावर शेवटी मारतात त्या पारदर्शक चकचकीत थरात, दाणे बसले, तर आता प्लास्टिकचा तंबू उभारावा की सरळ बूथवाल्या, म्हणजे गाळलेल्या हवेची बंद रंगखोली असलेल्या, गॅरेजला गाडी द्यावी. बूथशिवाय फिनिश येतच नाही असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. डेंटिंग-पेंटिंगमध्ये माझी हयात गेली आहे आणि माझं मत पक्कं आहे. क्लिअरमधला बहुतेक कचरा बाहेरच्या हवेतून येत नाही. तो गाडीच्या फटींतून येतो, रंगाऱ्याच्या अंगावरून येतो आणि पुसायच्या फडक्यातून येतो. तंबू ठोकलात तर हे तिन्ही तंबूच्या आतच असणार.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो, कारण या एका गोष्टीवरून मी बरंच ऐकून घेतलंय.

जयसिंगपूरकडे एका गॅरेजात होतो. पत्र्याची शेड, एका बाजूला नुसता पडदा. आमच्या भागात उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या चिमणीतून चिपाडाची काजळी उडते. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात, हे सांगली-कोल्हापूरकडच्या कुणालाही माहीत आहे. त्यामुळे हंगामात रंगात दाणा दिसला की मालकांचं उत्तर तयार असायचं, "काजळी आहे ती. कारखान्याला काय आपण कुलूप लावणार?" आणि गिऱ्हाईक समोर आलं की तेच मालक म्हणायचे, "पेंटरचा हात जरा घाण आहे आमच्या." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. रंगाऱ्याला याहून लागणारं बोलणं नसतं.

एक काळी सेडान आली होती. काळा रंग काही लपवत नाही. बॉनेटवर क्लिअर मारलं, ते वरून जरा सुकलं आणि उजेडात आडवं बघितलं तर सगळीकडे पुरळ. मालक म्हणाले काजळी. माझं मन मानेना. काजळीचा कण खवल्यासारखा असतो, चिमटीत धरला तर चुरा होतो. हे दाणे लांबट वाटत होते. दुसऱ्या दिवशी क्लिअर कडक झाल्यावर ब्लेडने एका दाण्याचा वरचा पापुद्रा काढला, शेजारच्या घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं आणि उन्हात धरलं. आत वेटोळं घातलेला धागा होता, लालसर. दुसरा दाणा उघडला, त्यात निळा. तिसऱ्यात परत लाल. कारखान्याच्या चिमणीतून लाल-निळी काजळी पडत नाही.

मग शेडमध्ये नजर फिरवली. कोपऱ्यात बनियन वेस्टचं पोतं होतं, होजिअरीच्या रंगीत चिंध्या, किलोवर मिळतात त्या. क्लिअर मारायच्या आधी हाताखालचं पोरगं त्यातलीच चिंधी थिनरमध्ये बुडवून पॅनेल पुसत होतं. कापसाचा तंतू असतो १५-२० मायक्रॉन जाडीचा. क्लिअरचे दोन कोट मिळून साधारण ५० मायक्रॉन होतात. तंतू सरळ पडला तर आत बुडूनही जाईल, पण वेटोळं होऊन एक टोक वर राहिलं की क्लिअर त्याच्याभोवती चढतं आणि पुटकुळी तयार होते. बॉनेटभर तेच झालं होतं.

मी मालकांना म्हटलं, "बॉनेट परत करतो, याच शेडमध्ये, कारखाना चालू असतानाच. फक्त तयारी मी म्हणेन तशी." आदल्या दिवशी गाडी धुऊन घेतली, आणि वरवर नाही. चाकांच्या कमानी, बॉनेटच्या आतली कड, वायपरखालची जाळी जिथे झाडाचा पाला साचतो ती, दरवाजांच्या फटी, सगळं. कंप्रेसरची हवा प्रत्येक फटीत मारली, तीही शेडच्या बाहेर गाडी उभी करून. आत हवा मारली की तीच धूळ तासभर तरंगत राहते आणि मग आपल्याच कामावर बसते. मास्किंगला रद्दी बंद, कारण वर्तमानपत्राच्या फाटक्या कडेला तंतू सुटलेले असतात आणि ते गनच्या हवेत फडफडतं. ब्राऊन पेपर लावला. अंगातला सुती शर्ट काढून नायलॉनचा डगला, डोक्याला टोपी. पुसायला तंतू न सोडणारं फडकं, शेवटी टॅक क्लॉथ, म्हणजे धूळ उचलणारं चिकट फडकं, अगदी हलक्या हाताने, दाबून नाही, नाहीतर त्याचा चिकटा पॅनेलवर उतरतो. क्लिअर गाळणीतून गाळूनच कपात. गनचं प्रेशर २ बारच्या आसपास, उगाच जोर लावला की जमिनीवरची धूळ उठते. आणि पोराला बाहेर बसवलं, कारण प्रत्येक येणंजाणं म्हणजे नवीन धूळ.

बॉनेट आरशासारखं उतरलं. कडेला एक-दोन दाणे होते, ते २००० नंबरच्या बारीक वॉटर पेपरने आणि पॉलिशच्या कंपाउंडने गेले. मालक काय म्हणाले? "आज वारा पडला होता."

पुढे त्यांनी बूथ घेतला, लाखांत पैसे घातले आणि ते वेस्टचं पोतं त्याच बूथच्या दाराशी ठेवलं. दाणे येतच राहिले. बूथ वाईट आहे असं मी म्हणत नाही. वरून गाळलेली हवा येते, ओव्हरस्प्रे, म्हणजे हवेत उडालेला रंग, खाली ओढला जातो, आणि गरम हवा दिली की क्लिअर लवकर सुकतं, म्हणजे धूळ चिकटायला वेळच कमी मिळतो. पण मोठमोठ्या कार कारखान्यांत, जिथे हवा गाळूनच आत सोडतात, तिथेसुद्धा रंगाआधी बॉडीवरून शहामृगाच्या पिसांचे रोलर फिरवतात आणि लाइनच्या शेवटी दाणे काढून पॉलिश करणारी माणसं उभी असतात. त्यांना पुसण्याचं महत्त्व कळतं आणि आपल्याकडे मशीनला पैसे निघतात, पण रंगाऱ्याला साफसफाईसाठी तासभर द्यायचा म्हटलं की 'काम रखडवतोय' होतं. मला हे आजही पटत नाही.

तेव्हा तुम्ही गॅरेजला गाडी द्यायचं ठरवलंत, तर बूथ आहे का हे नंतर विचारा, आधी क्लिअरपूर्वी पॅनेल कशाने पुसता ते विचारा.

तंबूच करायचा असेल तर प्लास्टिक नवीन घ्या. आधी वापरलेल्यावर सुकलेल्या रंगाची पापडी असते आणि ती नेमकी ओल्या क्लिअरवर पडते. ओल्या फडक्याने आतून पुसून घ्या आणि गाडीपासून लांब ताणून बांधा, फडफडता कामा नये. नुसता हवा ओढणारा पंखा लावलात तर तंबूच्या प्रत्येक फटीतून धूळ आत खेचली जाईल. हवा आत येण्याची वाट मोठी ठेवा आणि तिच्यावर फिल्टरची गादी लावा. घरचा साधा पंखा मात्र थिनरच्या वाफेत लावू नका, मोटारीच्या ठिणगीने पेट घेऊ शकतो.

जमिनीवर पाणी शिंपडणं ठीक आहे, पण आधी, आणि डबकी नकोत. क्लिअर कडक व्हायला त्यात मिसळतात तो हार्डनर दमटपणाशी रिॲक्ट होतो आणि क्लिअरमध्ये बुडबुडे येऊ शकतात. म्हणूनच भर पावसाळ्यात हे काम काढू नका. दाणा मेटॅलिक बेसमध्ये, म्हणजे क्लिअरखालच्या चमकीच्या रंगात, दिसला तर तो सुकल्यावर घासून वरून परत बेस मारा, घासलेल्यावर थेट क्लिअर मारलंत तर डाग कायमचा. ओल्या क्लिअरमध्ये बोट घालू नका, बारीक सुईने उचलता आला तर उचला, नाहीतर राहू द्या आणि कडक झाल्यावर १५०० आणि मग २००० ने काढा. पुढे कधी बंपर केलात तर प्लास्टिक कोरडं घासून पुसू नका, ते स्टॅटिकने धूळ ओढतं.

आणि तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून क्लिअर मारू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते कापडातून आरपार जातं आणि त्याने दमा लागतो. कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क किमान हवाच, बाहेरून ताजी हवा देणारा मिळाला तर तोच घ्या. घरात कुणाला आधीच दमा असेल किंवा पार्किंग मुलांच्या खोलीच्या खिडकीखाली असेल, तर मात्र हे काम घरी करूच नका.