लग्न लावून दिलं की सुटेल ना?

"मॅडम, एकदा दोनाचे चार हात केले की सुटेल ना याचं?" मुंबईत व्यसनाच्या समुपदेशनाला बसलेल्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. आई हे विचारते, तोवर शेजारी बसलेला मामा दुसरा उपाय सुचवतो, "त्यापेक्षा गळ्यात माळ घाला. गावाकडे कितीजण सुधारले." दोन्ही सल्ले मायेपोटी येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. चुकते ती वेळ आणि पद्धत. म्हणून अनेक घरांचे तपशील एकत्र करून, कुणाची ओळख पटणार नाही असं एक उदाहरण मांडते.

भांडुपचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. नोकरी बरी, घर वारकरी, हातात पखवाज उत्तम. दोन वर्षांपासून एमडी, म्हणजे मेफेड्रोन. 2015 पासून कायद्याने बंदी असलेला हा पदार्थ पुडीतून सहज हाती येतो. शनिवारी रात्री सुरुवात व्हायची. अंमल दोन-चार तासांत उतरतो, म्हणून पुन्हा नाकाने ओढायची एक रेघ, पुन्हा एक, ती पहाटेपर्यंत. रविवारी झोप नाही, जेवण नाही, जबडा आवळलेला. सोमवार-मंगळवारी मन तळाला गेलेलं. त्याच्यावर जीव असलेली एक मुलगी होती, घरच्यांना पसंतही होती. तिला व्यसनाचं निम्मंच ठाऊक होतं.

"एमडी तुला काय देतं?" हा प्रश्न त्याला घरात कुणी विचारलाच नव्हता.

"बोलता येतं, मॅडम. एरवी मी गप्प असतो. तिथे पाच तास सगळे आपले वाटतात."

"आणि सोडायचं कधी ठरवतोस?"

"मंगळवारी. सिद्धिविनायकाला जातो, शपथ घेतो. शनिवारी मोडते."

ही दोन उत्तरं मला फार मोलाची वाटतात. पहिल्यातून कळलं की पुडीत तो माणसं शोधत होता. दुसऱ्यातून कळलं की शपथ नेमकी नशा उतरण्याच्या दिवशी घेतली जाते. मन खचलेलं असतं, अपराधी वाटत असतं, तेव्हा माणूस काहीही कबूल करतो. शनिवारी पगार झालेला असतो, मित्राचा फोन येतो आणि मंगळवारचा निश्चय आठवतही नाही. घरातली भांडणंही याच दोन दिवसांत पेटतात. म्हणून पालकांना मी सांगते, सोमवार-मंगळवारी मोठं बोलणं काढू नका. जेवायला वाढा, झोपू द्या. बुधवारी-गुरुवारी बसा.

शपथ मोडल्यावर खरं नुकसान सुरू झालं. "असल्या तोंडाने माउलींसमोर कसा बसू?" म्हणून त्याने भजन सोडलं. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, म्हणून तिचे फोन टाळू लागला. ज्या दोन ठिकाणी त्याला खरोखर आपलं वाटत होतं, तीच दोन दारं त्याने स्वतः लावून घेतली. उरले शनिवारचे मित्र.

श्रद्धेने माणूस सुखी होतो का, याचा अभ्यास लिम आणि पुटनम या संशोधकांनी अमेरिकेत केला. 2010 साली त्यांनी मांडलं की नियमित प्रार्थनेला जाणारे अधिक समाधानी असतात, पण त्याचं मुख्य कारण तिथे जुळलेले मित्र. माझा कल याच बाजूला आहे. श्रद्धेचं मोल कमी करायचं नाही मला, पण व्यसनातून बाहेर येणाऱ्याला देवाइतकीच देवाच्या दारातली माणसं लागतात.

पुढे एमडी बंद होऊन सहा आठवडे झाले, भजन आणि मुलीला भेटणं पुन्हा सुरू झालं, तेव्हा घरात आनंद होता. तो मात्र माझ्यासमोर बसून रडला. "हरिपाठाला जातो, काहीच वाटत नाही. तिच्याबरोबर मरीन ड्राइव्हला बसलो, तिथेही नाही. देव गेला आणि तीही गेली. मग सोडून काय मिळवलं?"

या केसची किल्ली इथे होती. मी विचारलं, "वडापाव चवीला लागतो का? क्रिकेट बघतोस?"

तो थांबला. "नाही. तेही नाही."

"मग देव गेला नाही आणि ती मुलगीही गेली नाही. तुझी सुखाची जाणीवच सध्या बधिर आहे."

एमडीमुळे मेंदूत डोपामिनचा, म्हणजे सुखाच्या जाणिवेशी जोडलेल्या रसायनाचा, लोंढा येतो. तो वारंवार आला की रोजच्या लहान सुखांना मेंदू दाद देत नाही. नशा थांबल्यावर हे सावरायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. नेमक्या याच काळात घरची माणसं लग्नाची तारीख काढतात किंवा मुलगा "प्रेमच उरलं नाही" म्हणून नातं तोडतो. दोन्ही निर्णय या काळात घेऊ नयेत.

तो मान वर करून म्हणाला, "आजोबा म्हणायचे, वाटो न वाटो, वारी चुकवायची नाही." त्याच्याच घरात उत्तर होतं. ते त्याच्याच तोंडून आलं, याचं मला आजही समाधान वाटतं.

मग नवस आणि शपथा बंद, फक्त नेम. रोज संध्याकाळी हरिपाठ, मागच्या रांगेत बसून का होईना. शनिवारी सात ते अकरा रिकामे ठेवायचे नाहीत. त्या वेळी मंडळातल्या दोन लहान मुलांना पखवाज शिकवायचा. पुडीवाल्याचा नंबर आणि तो ग्रुप काढून टाकायचा. पगाराच्या आठवड्यात यूपीआयची मर्यादा अगदी कमी ठेवायची. मुलीला मी वेगळं भेटले. ती म्हणाली, "मी भेटले की आधी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघते, मोठ्या झाल्यात का." तिला सांगितलं, तपासणी तुझं काम नाही. तो शुद्धीत असेल तेव्हा मनापासून वेळ दे. नशेत असेल तर न भांडता "उद्या बोलू" म्हणून निघ.

चौथ्या महिन्यात तो एकदा घसरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच रांगेत येऊन बसला. आईने माळेचा विषय काढला नाही, तिला ते फार जड गेलं. आमच्या सगळ्या कामात मला तो दिवस सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

राहिला लग्नाचा प्रश्न. जर्मनीतल्या हजारो लोकांची वर्षानुवर्षं माहिती घेऊन 2003 साली संशोधकांनी दाखवलं की लग्नाच्या सुमारास समाधान वाढतं आणि सरासरीने काही वर्षांत पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येतं. आधीच डळमळीत असलेल्या माणसाला त्या थोड्या उंचीवर किती काळ उभं करणार? माझं मत स्पष्ट आहे: लग्नाआधी किमान एक वर्ष नशेशिवाय, सणवार आणि बोनससकट, मुलीला सगळं खरं सांगितलेलं, आणि घसरला तर काय करायचं, हे दोघांत आधी ठरलेलं.

सगळ्या नशांना हाच हिशेब लावू नका. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू देवासमोर शपथ देऊन एका दिवसात बंद केली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. ब्राउन शुगरवाल्याने काही आठवड्यांच्या खंडानंतर जुन्याच प्रमाणात घेतली तर शरीराला ती झेपत नाही, श्वास थांबू शकतो. एमडी उतरताना जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस 14416. दोन्ही ठिकाणी घरच्यांनी फोन केला तरी चालतो, मुलगा तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही.