खांदा बरा झाला, पण हात पुढे जाईना

‘डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हणून सांगितलंय, तरी पोरगी मैदानावर बिचकते. मनाचंच काहीतरी असणार, तुम्ही जरा समजावून सांगा.’ मी समुपदेशक आहे. खेळताना जबर लागलेल्या मुलांचे आईवडील आणि कोच माझ्याकडे बहुतेक वेळा हीच काळजी घेऊन येतात. नुसतं समजावून भीती जात नाही, हे मला त्यांना आधी सांगावं लागतं. आणि ती भीती उगाचची आहे असं धरून चालू नका, हेही.

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीबद्दल लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला सुप्रिया म्हणू. बेळगावात मावशीकडे राहून पीयूसीचं पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी करणारी, कॉलेजच्या हॉकी संघात हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीत खेळून समोरच्यांचा बॉल अडवणारी. एका सामन्यात समोरची मुलगी बॉल घेऊन तिच्या डाव्या बाजूने निघाली. सुप्रियाने एकट्या डाव्या हाताने स्टिक लांब टाकली, तेवढ्यात ती मुलगी धावत येऊन त्या हातावर आदळली आणि हात मागे फेकला गेला. खांदा पुढच्या बाजूने निखळला. दवाखान्यात एक्स-रे काढून तो बसवला, काही आठवडे हात झोळीत राहिला. चार महिन्यांनी ती मैदानावर परतली आणि तेव्हापासून तिच्या बाजूने बॉल सरळ निघून जायला लागला. तिचे कोच, सर, बाजूला उभे राहून कन्नडमध्ये ‘हेदरबेड, हेदरबेड’, म्हणजे ‘घाबरू नकोस’, म्हणून ओरडायचे. ती आणखीच आखडायची.

हॉकीत डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाला असतो आणि उजवा खाली. लांबचा बॉल अडवायचा तर उजवा हात सोडून डाव्यानेच स्टिक पुढे न्यावी लागते. म्हणजे ज्या अवस्थेत तिचा खांदा निसटला, तीच अवस्था हाफबॅकला सामन्यात पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. पोरगी बिचकते यात नवल काय?

पहिल्या भेटीत ‘भीती वाटते का’ असं मी विचारलं नाही. त्याला मुलं एकतर ‘नाही’ म्हणतात किंवा रडतात. तिची स्टिक तिच्या हातात दिली आणि म्हटलं, हात नेमका कुठे थांबतो ते दाखव. दोन्ही हातांनी स्टिक धरून ती व्यवस्थित वाकली, पाय बरोबर पडले. मग म्हटलं, आता एका हाताने. मनगट वळलं, स्टिक वीतभर पुढे गेली, पण कोपर बरगडीला चिकटलेलं ते चिकटलेलंच. श्वास रोखलेला.

‘दुखत नाही ओ मॅडम,’ ती म्हणाली. ‘पण इथनं पुढं गेला की निसटणार असंच वाटतंय.’

मी विचारलं, फिजिओथेरपीचं काय? तेव्हा उलगडा झाला. झोळी निघाली, दुखणं थांबलं आणि परीक्षा तोंडावर आली, तसा व्यायाम बंद पडला होता. घरच्यांना वाटलं, दुखत नाही म्हणजे बरं झालं. इथेच खूपजण फसतात. खांदा बसवला तरी त्याला पुढून धरणारं आवरण ताणलेलं किंवा फाटलेलं असू शकतं. मग सांधा जागेवर ठेवायचं बरंचसं काम भोवतालच्या आणि पाठीच्या फऱ्याच्या स्नायूंवर येतं, आणि झोळीत राहून तेच स्नायू ढिले पडलेले असतात. शिवाय विशीच्या आतल्या, अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्या मुलांत खांदा पुन्हा निखळण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. सुप्रियाच्या शरीराला हे तिच्या कोचच्या आधी कळलं होतं, असं माझं मत आहे.

म्हणून समुपदेशन थोडं बाजूला ठेवून मी तिला फिजिओकडे परत पाठवलं. हात बाहेरच्या बाजूला फिरवायची ताकद दुसऱ्या हातापेक्षा स्पष्टच कमी निघाली. डॉक्टरांना पुन्हा भेटल्यावर कळलं की त्यांची परवानगी पळण्याची आणि हलक्या सरावाची होती. टॅकलबद्दल, म्हणजे समोरच्या खेळाडूकडून बॉल काढून घेण्याबद्दल, कुणी विचारलंच नव्हतं. पालकांना कळकळीने सांगते, ‘खेळू शकते का’ एवढंच विचारून उठू नका. काय काय करू शकते ते विचारा: पळणं, बॉल मारणं, एका हाताने टॅकल, हातावर पडणं, प्रत्येक गोष्ट वेगळी. सामन्यात उतरायच्या आधी हात सगळीकडे पूर्ण फिरायला हवा, ताकद दुसऱ्या हाताच्या जवळपास यायला हवी, आणि हात वर करून मागे नेताना ‘आता निसटतो’ असं वाटता कामा नये.

ताकद भरत असतानाच भीतीवर काम सुरू केलं. आधी उभ्या जागी, थांबलेल्या बॉलला एका हाताने स्टिक लावायची, श्वास सोडत. मग मैत्रीण चालत बॉल नेणार. मग हळू पळत. मग कुठल्या बाजूने येणार हे न सांगता. पुढची पायरी कधी, हे सुप्रिया ठरवणार, सर नाहीत. सरांना हे आधी पटलं नाही, पण त्यांनी ऐकलं आणि ओरडणं थांबवलं. त्याचा उपयोग माझ्या बोलण्यापेक्षा जास्त झाला.

पडण्याची भीती वेगळी होती. तिच्या चुलत्यांची गावात तालीम आहे. फिजिओची परवानगी घेऊन चुलत्यांनी तिला आखाड्याच्या तांबड्या मातीत पडायला शिकवलं: हात टेकायचा नाही, हनुवटी आत, पाठीवरून लोळण. अंगाला माती लागली की तिला हसू यायचं. मैदानाबाहेर कुणाची नजर नसताना पडता येणं, हे तिला फार सोयीचं पडलं.

घरातली भीती मात्र दोन टोकांची होती. आजोबा सारखे सांगायचे, ‘आपल्या बेळगावचे बंडू पाटील १९६४ ला टोकियोत सुवर्णपदक जिंकलेल्या संघात होते, आणि तू खांद्याला भितीस?’ हा अभिमान खराच आहे, इथल्या घराघरात आहे. पण त्या दिवसांत तो पोरीच्या खांद्यावर ओझं होऊन बसला होता. मी आजोबांना विनंती केली, सध्या तिला पदकं सांगू नका, सराव कसा झाला ते विचारा. आई उलट म्हणायची, ‘बास झालं आता मॅडम. हात अधू राहिला तर उद्या रोप लावायलासुद्धा यायची नाही, लग्नाचं तर सोडाच.’ त्यांना मी फिजिओकडे सोबत नेलं. व्यायाम हॉकीसाठी जितका आहे तितकाच घागर उचलण्यासाठी, शेतातल्या कामासाठीही आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

एक दिवस सुप्रियाने विचारलं, ‘आणि परत निसटला तर?’ नाही निसटणार, असं मी म्हटलं नाही. तसं वचन कुणीच देऊ शकत नाही. आम्ही बसून एका कागदावर लिहिलं: खेळ तिथेच थांबवायचा. हात आहे त्या स्थितीत ओढणीने अंगाशी बांधायचा. मैदानावर कुणी ओढून बसवायचा नाही, हाडं बसवणाऱ्याकडे न्यायचं नाही, मालीश नाही. थेट दवाखाना आणि एक्स-रे. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा किंवा बोटांना मुंग्या असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगायचं. दुसऱ्यांदा निखळला तर ऑपरेशनबद्दल सर्जनचं मत घ्यायचं; त्यानंतर सामन्यात परतायला साधारण सहा महिने धरायचे.

एक प्रत तिच्या किटबॅगमध्ये आहे, एक सरांकडे. आईंनी तिसरी मागून घेतली आणि खाली मावशीच्या शेजारच्या रिक्षावाल्याचा नंबर लिहिला. सुप्रिया सध्या सामन्यात अर्धा वेळ खेळते. पूर्ण वेळ कधी, ते फिजिओ आणि ती मिळून ठरवणार आहेत.