स्ट्रेंजर थिंग्जमधल्या पोरांचे डी अँड डी क्लास खरंच जुळतात का? आणि स्टीव्हला कुठल्या क्लासमध्ये टाकाल?

स्ट्रेंजर थिंग्ज या सिरीजमधली पोरं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) हा डाइस टाकून गोष्ट रचत जायचा गेम खेळतात, त्यात प्रत्येक पात्राचा एक क्लास, म्हणजे प्रकार असतो. तुमचा मुद्दा असा की माइक पॅलाडिन (व्रत घेतलेला योद्धा), विल क्लेरिक (बाकीच्यांना बरं करणारा पुजारी), लुकास रेंजर (टेहळणी करणारा), डस्टिन बार्ड (गाणी-गोष्टी सांगणारा) ही वाटणी सिरीजमध्येच सांगितलीये पण ती नीट बसत नाही, विल तर सरळसरळ विझर्ड (जादूगार) खेळतो, मग या लेबलांना काही अर्थ आहे का. माझ्या मते आहे आणि भरपूर आहे, फक्त क्लास म्हणजे स्वभाव असं धरून बसलात की सगळं विस्कटतं. मी आमच्या ग्रुपमध्ये डीएम (गेम चालवणारा) असतो आणि टेबलवर कायम हेच बघतो, एकदम शांत पोरगी बार्बेरियन (रागाने तुटून पडणारा लढवय्या) जबरदस्त खेळते, कारण क्लास म्हणजे अडचण आली की बाकीच्यांसाठी तुम्ही काय करता ते. (सिरीज पूर्ण बघितली नसेल तर पुढे स्पॉयलर आहेत.)

विलपासूनच घेऊ. पहिला एपिसोड, नोव्हेंबर 1983, माइकच्या बेसमेंटमध्ये गेम रंगलाय आणि माइक टेबलावर डेमोगॉर्गन हा राक्षस आणून ठेवतो. लुकास ओरडतोय फायरबॉल (आगीच्या गोळ्याची जादू) टाक, डस्टिन म्हणतोय रिस्क नको प्रोटेक्शन (बचावाची जादू) टाक, फायरबॉलला 13 किंवा वर पडायला हवेत, आणि विल फायरबॉल टाकतो. डाइस टेबलावरून खाली जातो, 7 पडलेले असतात, आणि लुकास म्हणतो माइकने बघितलं नाही ना, मग धरायचंच नाही. तरी घरी निघताना विल माइकला एकट्याला सांगतो की 7 होता, डेमोगॉर्गनने मला धरलं. आणि त्याच रात्री तो गायब होतो. दुसऱ्या दिवशी माइक बाकीच्या दोघांना शोधायला चला म्हणतो तेव्हा त्याचं कारण काय, तर विलला प्रोटेक्शन टाकून स्वतःला वाचवता आलं असतं, त्याने पार्टीसाठी, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या टोळीसाठी, स्वतःला धोक्यात घातलं.

आता नियमांनी बघितलं तर तुमचं बरोबर आहे, तेव्हाच्या नियमांत फायरबॉल मॅजिक-यूझरचा (म्हणजे विझर्डचा) स्पेल, क्लेरिकच्या यादीत तो नाहीच. पण माइक ती वाटणी कधी सांगतो बघा, दुसऱ्या सीझनमध्ये, 1984 मध्ये, मॅक्स या नव्या मुलीला पार्टीत यायचंय आणि याला तिला घ्यायचं नाहीये म्हणून तो जागा मोजून दाखवतो की सगळ्या भरल्यात. तिथे कॅरेक्टर शीटचा (पात्राची माहिती लिहिलेल्या कागदाचा) संबंधच नाही, तो मित्रांबद्दल बोलतोय. आणि मित्रांत विल खरंच क्लेरिक आहे, स्वतः मार खाऊन बाकीच्यांना सांभाळणारा.

याचा पुरावा म्हणजे तो नसताना काय होतं ते. क्लेरिक नसलेली पार्टी कोणी चालवून बघितली असेल त्याला लगेच कळेल, पहिल्या मोठ्या फाइटपर्यंत सगळं ठीक असतं आणि मग एकालाही बरं करणारं कोणी उरत नाही. पहिल्या सीझनमध्ये अगदी हेच होतं, माइक आणि लुकासची मारामारी होते, इलेव्हन, मनाच्या शक्तीने वस्तू हलवणारी मुलगी, लुकासला उडवते, लुकास एकटाच निघून जातो, इलेव्हन पळून जाते. आणि मग सांधायचं काम कोणावर येतं तर डस्टिनवर. सहाव्या एपिसोडमध्ये तो माइकला नियम ऐकवतो, पहिला धक्का तू मारलास म्हणजे हात तूच पुढे करायचा, आणि वर जुन्या कॅम्पेनमधला (बरेच दिवस चाललेल्या खेळातला) ब्लडस्टोन पास आठवून देतो, तिथे रस्ता कुठला घ्यायचा यावर एकमत झालं नाही म्हणून पार्टी फुटली आणि ट्रोल्सनी एकेकाला उचललं. बार्डचं काम हेच हो, जुनी गोष्ट योग्य वेळी सांगून माणसं परत एकत्र आणणं. त्याला नुसता विनोदी पोरगा समजणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

माइकचा पॅलाडिनपणा मला सगळ्यात खरा वाटतो कारण त्यात त्याचे दोषही येतात. जुन्या नियमांत पॅलाडिनने जाणूनबुजून वाईट काम केलं की पॅलाडिनपण कायमचं गेलं, एवढा तो कडक क्लास. मित्र खोटं बोलत नाहीत हा माइकचा नियम तसाच आहे आणि मॅक्सशी दुसऱ्या सीझनभर फटकून वागणं हेही त्यातूनच येतं. तिसऱ्या सीझनमध्ये त्याची सगळी निष्ठा इलेव्हनकडे वळते आणि विल झगा घालून, कॅम्पेन तयार करून वाट बघत बसतो, मग पावसातलं ते भांडण, माइक विचारतो की आपण आयुष्यभर बेसमेंटमध्ये गेमच खेळत बसणार असं वाटलं का तुला, आणि विल म्हणतो हो, वाटलं होतं. लोक ते वयात येण्याचं भांडण म्हणून बघतात, मला तिथे दिसतं की ज्याला सांभाळायचं ती पार्टीच उरली नाही तर क्लेरिकने करायचं काय. लुकास रेंजर, त्यात वाद नाही, तो एकटा पुढे जाऊन इलेव्हन जिथून पळाली त्या लॅबच्या कुंपणाभोवती टेहळणी करतो आणि बातमी घेऊन परत येतो.

इलेव्हनबद्दल एकच, तिला मेज (जादूगार) म्हणतात पण ती काही पुस्तक वाचून शिकलेली नाही, शक्ती अंगातलीच आहे, म्हणजे आजच्या भाषेत सॉर्सरर. तो क्लास डी अँड डीत 2000 साली तिसऱ्या एडिशनसोबत (नियमांच्या आवृत्तीसोबत) आला, 1983 च्या पोरांकडे तो नव्हताच. पाचव्या सीझनच्या चौथ्या एपिसोडचं नाव सॉर्सरर आहे आणि तिथे तो शब्द विलसाठी येतो, त्यामुळे विझर्ड की क्लेरिक या तुमच्या प्रश्नाला सिरीजनेही शेवटी तिसरंच उत्तर दिलंय.

आणि स्टीव्ह, माइकच्या मोठ्या बहिणीचा, नॅन्सीचा, सुरुवातीचा बॉयफ्रेंड. बरेच जण त्याला पॅलाडिन म्हणतात, मी फायटरच (साधा लढवय्या) म्हणेन. पॅलाडिनला शपथ लागते, स्टीव्हने कुठलीच घेतलेली नाही, पहिल्या सीझनच्या शेवटी तो बायर्सच्या, म्हणजे विलच्या, घरातून गाडीपर्यंत पळत येतो आणि मग वळून परत आत जातो, कोणी सांगितलेलं नसताना. दुसऱ्या सीझनमध्ये बसमधून बॅट घेऊन एकटाच आमिष म्हणून उतरतो. माणसांशी मारामारीत तो बहुतेक वेळा हरतोच, विलचा भाऊ जोनाथनकडून, मॅक्सचा सावत्र भाऊ बिलीकडून, पण बिलीच्या वेळी तरी मार त्याला बसतो, पोरांना नाही. पाचव्या एडिशनमध्ये फायटरला प्रोटेक्शन नावाची फायटिंग स्टाइल मिळते, शेजारच्यावर येणाऱ्या हल्ल्यात आपली ढाल मधे घालायची, ती हुबेहूब स्टीव्ह आहे. आणि त्याला पार्टीत आणतो कोण, तर डस्टिन, स्टीव्ह नॅन्सीकडे फुलं घेऊन निघालेला असताना मधेच गाठून. बार्ड आपला इन्स्पिरेशन डाइस (हिंमत वाढवणारा जादा डाइस) दुसऱ्याच्या हातात देतो, मग रोल तो दुसरा करतो, म्हणून त्या दोघांची जोडी सिरीजमधल्या कुठल्याही लव्हस्टोरीपेक्षा जास्त जमलीये.